उंट आणि नांगर

सौदीतल्या दम्माममध्ये भर जुलैत, बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं असताना, "आज ऊन पडेलसं वाटतंय, नाय का?" असं गंभीर चेहऱ्यानं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

मी तेव्हा तिथल्या एका खाजगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. हा माणूस माझ्या टेबलावर उजवा हात डाव्या हातात धरून बसला होता. वय साठीला आलेलं, खुरटी पांढरी दाढी, कपाळावर नमाजाचा डाग, अंगात आमच्याच कॅन्टीनच्या आचाऱ्याचा पांढरा कोट. आणि त्या कोटाच्या आत, नीट गाठ मारलेला टाय.

"चाचा, इथे रोजच ऊन असतं," मी म्हटलं.

"ते काय मला म्हाईत नाय? पण बोलायला कुठून तरी सुरुवात नको? हवेपासनं केली की कुणाला राग येत नाय."

मराठी ऐकून मी आधीच चमकले होते. चाचा रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. मी सांगलीची. परदेशात एवढ्या अंतरावरचा माणूससुद्धा शेजारचा वाटतो. खांदा आखडला होता त्यांचा. मी त्यांना दोरी आणि चाकाचा व्यायाम शिकवला: एक हात खाली ओढायचा, दुसरा वर जातो. दोनदा दोरी ओढून ते थांबले आणि एकदम खुशीत हसले.

"हा तर पबातला पंप झाला गो बाय!"

"कसला पंप?"

"बियरचा. मालकीण असाच ओढायची. अस्सा. सावकाश. घाईनं ओढला की नुसता फेस."

मी त्यांच्या कपाळावरच्या डागाकडे पाहिलं. त्यांनी ते ओळखलं.

"तौबा! मी कशाला ओढतोय? अकरा वर्षं इंग्लंडात पबाच्या किचनमध्ये होतो. पंपाला बोट नाय लावलं, डुकराला सुरी नाय लावली. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मालकिणीला. ती म्हणाली, मग तू करणार काय? म्हटलं, बाकीचं सगळं."

पुढच्या सहा आठवड्यांत चाचांचा खांदा सुटला आणि माझ्या डोक्यात इंग्लंडातला एक पब वीट-वीट करून उभा राहिला. चाचा मूळचे जहाजावरचे भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारे. एका हिवाळ्यात त्यांचं मालवाहू जहाज उत्तर इंग्लंडच्या बंदराला लागलं आणि त्यांचं अपेंडिक्स फुटलं. जहाज पुढे गेलं, चाचा हॉस्पिटलात राहिले. सुट्टी मिळाली तेव्हा हातात एक पिशवी आणि बाहेर बर्फ. समोर एक दार दिसलं, त्यावर कोकराचं चित्र. आत शेगडी पेटलेली. ते आत जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. काउंटरमागच्या म्हाताऱ्या मालकिणीनं फक्त एवढंच विचारलं, "बाहेर फार वाईट हवा आहे, नाही?" आणि गरम सूपचा वाडगा पुढे सरकवला.

"तू कोण, कुठला, इथे कशाला, एक शब्द नाय," चाचा सांगत. "तीन दिवस रोज गेलो. चौथ्या दिवशी तिचा आचारी आला नाय. मीच आत शिरलो."

कागदपत्रं कशी झाली हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. अकरा वर्षांनी मालकीण वारली, तिच्या भाच्यांनी पब विकला, तिथे फ्लॅट झाले. चाचा गावी परतले आणि तिथून सौदीला आले. पण सुट्टीच्या दिवशी इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांत बसनं हिंडून, एकेका पबात जेवून, आल्याचं सरबत पिऊन त्यांनी जे पाहिलं होतं ते त्यांच्या अंगात मुरलं होतं. कुठल्या गावातल्या पबात वाटाणे पुदिना घालून घोटतात, कुठे कांद्याचं लोणचं काचेच्या बरणीत काउंटरवरच ठेवतात, कुठल्या पबातली मांजर कोणत्या खुर्चीवर कुणाला बसू देत नाही, हे ते असं सांगत जसं इतर लोक आपल्या मावश्यांच्या घरांबद्दल सांगतात.

हॉस्पिटलात यातल्या एका अक्षरावर कुणाचा विश्वास नव्हता. कॅन्टीनमध्ये ते डाळ, भात आणि चिकन करत. ठेकेदाराचा मेनू भिंतीवर लावलेला होता आणि त्यात बदल करायची परवानगी नव्हती. फक्त महिन्यातून एकदा, स्वतःच्या हौसेनं, ते पाय करत. मटणाचा पाय. बकऱ्याचा नव्हे, इंग्रजांचा 'पाय', कणकेच्या डब्यात मटण भरून भाजतात तो. एकदा एका तरुण डॉक्टरनं ताट परत पाठवलं आणि सांगितलं की त्यानं लंडनमध्ये खाल्लेल्या पायला फक्त वरून झाकण होतं, खाली काही नव्हतं. चाचा किचनमधून बाहेर आले. टाय सरळ केला.

"डॉक्टरसाहेब, खाली कणीक, बाजूला कणीक, वर कणीक, त्याला पाय म्हणतात. नुसती वर ठेवली तर ती टोपी घातलेली भाजी. तुम्हाला लंडनमध्ये कुणीतरी फसवलंय."

डॉक्टर हसले. सगळेच हसले. चाचा नाही हसले. ते आत गेले आणि ओटा पुसू लागले.

ओटा पुसणं ही त्यांची खोडच होती. स्वच्छ असला तरी पुसत. माझ्या खोलीत व्यायाम करतानासुद्धा मोकळ्या हातानं टेबलाची कड टॉवेलनं पुसत बसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पबवाल्याचा हात रिकामा दिसला की समोरचा गप्प होतो. त्याला वाटतं, हा आता माझ्याकडे बघत बसणार. हात कामात असला की माणूस आपोआप मन मोकळं करतो."

हे मला खोटं म्हणता आलं नाही. कारण टेबलाची कड पुसत असलेल्या त्या माणसाला मी, तिसऱ्याच आठवड्यात, ज्या गोष्टी आईला फोनवर सांगितल्या नव्हत्या त्या सांगून मोकळी झाले होते. की माझं लग्न मोडलंय. की चार वर्षं झाली, मी एकटी जेवते. हॉटेलात गेले तर कुटुंबांच्या गर्दीत चार खुर्च्यांच्या टेबलाशी मी एकटी, आणि वेटर दर पाच मिनिटांनी विचारतो, अजून कुणी येणार आहे का मॅडम? म्हणून पार्सल घेऊन खोलीवर जाते आणि गादीवर बसून खाते.

चाचा ऐकत राहिले. मग एवढंच म्हणाले, "तुला पब पायजे."

आणि मग कॅन्टीन बंद झालं. हॉस्पिटलनं नवं कंत्राट एका मोठ्या केटरिंग कंपनीला दिलं. जुना ठेकेदार हाच चाचांचा कफील, म्हणजे त्यांना व्हिसावर आणणारा सौदी मालक. त्याच्याशिवाय इथे राहायचा परवाना, इकामा, मिळत नाही. कफील वाईट माणूस नव्हता. घाईतला माणूस होता. त्यानं चाचांना बोलावून सांगितलं: वय झालंय, इकामा संपायला दोन महिने आहेत, नवीन करणार नाही, खलास, आता घरी जा. जुन्या बाजारात माझं शिंप्याचं एक दुकान रिकामं पडलंय. दोन महिने हवं तर तिथे चहा-सामोसे विक.

चाचा हे मला सांगायला आले तेव्हा मला वाटलं ते रडतील. त्यांचे डोळे चमकत होते.

"दोन महिने हायत गो! दोन महिन्यांत इंग्रजानं अख्खी लढाई जिंकलेली हाय."

"चाचा, कसली लढाई? तुम्हाला घरी पाठवतायत."

"पाठवूदे. पण त्याच्या आधी माझा पब होणार."

मी हात जोडले. म्हटलं, काहीही करा, फक्त हा शब्द तोंडातून काढू नका. हा देश कुठला, तुम्ही बोलताय काय. खानावळ म्हणा.

"खानावळीत जेवून उठायचं असतं," चाचा म्हणाले. "पबात जेवून बसायचं असतं. त्याला खानावळ म्हटलं तर लोक उठून जातील की!"

पुढचे तीन आठवडे मी ड्युटी संपली की जुन्या बाजारात जात असे, कधी मदतीला, कधी नुसती बघायला. एक जुनं लाकडी दार आडवं करून त्यांनी काउंटर केला. काउंटरवर कोपर टेकता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण कुणाचं कोपर? त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांना आत बोलावून दाराला टेकायला लावलं. उंच पठाण ट्रक ड्रायव्हर, बुटका नेपाळी गार्ड, मी. शेवटी काउंटर एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला बुटका झाला. ठेवलेला ग्लास घसरत नसे, पण लिंबू घरंगळत जाई. टीव्ही लावू दिला नाही. "टीव्ही लावला की सगळी माणसं एकाच बाजूला बघतात. मग एकमेकांकडे कोण बघणार?" वेटर ठेवला नाही. ज्याला हवं त्यानं काउंटरशी यायचं आणि तोंडानं मागायचं.

पबाला नाव हवं, आणि नावाचं चित्र हवं. कारण जुन्या काळी इंग्लंडात गिऱ्हाइकाला वाचता येत नसे. "आपल्या गिऱ्हाइकांना तरी कुठे एकमेकांची भाषा वाचता येते?" चाचा म्हणाले. त्यांनी एका मल्याळी पेंटरकडून पाटी रंगवून घेतली: एक उंट, आणि त्याच्या पायाशी जहाजाचा नांगर. उंट बराचसा बकरीसारखा झाला. नाव ठेवलं 'उंट आणि नांगर'. अरबीत खाली फक्त 'उपाहारगृह'. मी विचारलं, नांगर म्हणजे जहाजाचा की शेताचा? चाचांनी चित्राकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "माझा जहाजाचा. तू सांगलीची, तू शेताचा समज."

खाणं काय सांगू! हामूर मासा, थंडगार सोड्यात भिजवलेल्या पिठात बुडवून तळलेला, वरचं कवच बोटानं टिचकी मारली तर वाजेल असं. बोटाएवढे जाड बटाट्याचे तुकडे. पुदिना घालून घोटलेले वाटाणे. पाव, चीज आणि कांद्याचं लोणचं, ज्याला ते 'शेतकऱ्याची न्याहारी' म्हणत. शुक्रवारी भाजलेलं मटण आणि त्यावर दाट रस्सा. आणि तो पाय, खाली-बाजूला-वर कणीक असलेला. प्यायला कोकम सोडा, आणि खजुराचा पाक, आलं, लिंबू आणि सोडा घालून केलेलं एक काळपट पेय, जाड काचेच्या मगमध्ये, वर दोन बोटं फेस.

पहिल्या दिवशी सात माणसं आली. दुसऱ्या आठवड्यात बसायला जागा नव्हती. नेपाळी गार्ड, आमच्या हॉस्पिटलच्या केरळी नर्सेस, रत्नागिरीकडचे दुकानदार, पाकिस्तानी ड्रायव्हर, एक निवृत्तीला आलेला इंग्रज इंजिनियर. तो इंग्रज पहिल्यांदा आला, पायचा तुकडा उलटा करून त्यानं खालची कणीक पाहिली, आणि उठून काउंटरवरून चाचांचा हात हातात घेतला.  चाचांनी दुसऱ्या दिवशी हे मला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा सांगताना म्हणाले, "त्या लंडनवाल्या डॉक्टरला कळव."

मी काउंटरच्या बुटक्या टोकाला बसत असे. एकटी. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एकटं बसून एकटं वाटत नव्हतं. कुणी बोललं तर बोलावं, नाही तर वाटाणे खावेत. कुणी येणार आहे का मॅडम, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नव्हतं.

मग एका गुरुवारी, संध्याकाळी, दारात पांढऱ्या थोबमधला, म्हणजे पायघोळ अंगरख्यातला, एक तरुण सौदी उभा राहिला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा इन्स्पेक्टर. आत बोलणं थांबलं. त्यानं विचारलं, इथे मालक कोण? आणि मग, इथे 'पब' चालतो अशी तक्रार आली आहे.

 तक्रार कुणी केली ते कळलं नाही, पण करायला कुणी शत्रू लागत नव्हता. चाचा स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला आनंदानं 'वेलकम टू माय पब' म्हणत होते.

इन्स्पेक्टरनं काउंटरवरचा मग उचलला. काळं पेय, वर फेस. वास घेतला. कपाळाला आठी पडली. आलं आणि खजुराचा उग्र वास, तो कशाचाही वाटू शकतो.

"हे काय आहे?"

चाचांचं अरबी भाजीबाजारापुरतं. मी पुढे झाले. माझं अरबी हॉस्पिटलातलं: कुठे दुखतंय, श्वास घ्या, सोडा. तेवढ्यावर मी सांगितलं: खजूर, आलं, लिंबू, पाणी.

"फेस?"

"सोडा."

"मग त्याला पिऊन दाखवायला सांग."

मी चाचांकडे वळले. "चाचा, तो म्हणतोय तुम्ही प्या."

चाचांनी मान हलवली. "नाय पिणार."

 इन्स्पेक्टरनं टॅबवरचं बोट थांबवलं.

"चाचा, अहो प्या! जीव घेता का माझा?"

"आज गुरुवार हाय गो. माझा रोजा हाय. सोमवारी आणि गुरुवारी मी ठेवतो. सांग त्याला. आणि सांग, मगरिबच्या अजानला, रोजा सोडायला, वीस मिनिटं हायत. बसा म्हणावं. इथे बसायला जागा असते."

मी सांगितलं. इन्स्पेक्टर चाचांकडे बघत राहिला. त्याला हे खरं वाटत होतं की सबब वाटत होती ते मला ओळखता आलं नाही. मग त्यानं स्टूल ओढलं आणि बसला. हातातला मग त्यानं काउंटरवर ठेवला, दोघांच्या मधोमध.

चाचांनी फडकं घेतलं, काउंटर पुसू लागले, आणि मोडक्या अरबीत म्हणाले, "आज गरम आहे."

इन्स्पेक्टरला हसू आलं. "काल जास्त होतं."

"उद्या कमी होईल, इन्शाल्ला."

ती वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. पहिली पाच मिनिटं दोघं हवेबद्दलच बोलले. चाचांचा हात चालू. मग इन्स्पेक्टर म्हणाला की त्याच्या वडलांना उन्हाळा सोसत नाही. मग, वडील हल्ली घराबाहेरच पडत नाहीत. मग, आई गेल्यापासून ते कुणाशी बोलत नाहीत, जेवायला एकटे खोलीत बसतात, मी कामावर असतो, काय करावं कळत नाही. मी शब्द इकडून तिकडे नेत होते. चाचांनी सल्ला एक दिला नाही. फक्त विचारलं, "त्यांना मटण चालतं?"

अजान झाली. चाचांनी पुटपुटत एक खजूर तोंडात टाकला आणि तो मग उचलून एका दमात, शेवटच्या फेसापर्यंत, रिकामा केला. मिशीवर फेस लागला होता. त्यांनी दुसरा मग भरला आणि इन्स्पेक्टरपुढे ठेवला. त्यानं एक घोट घेतला. मग दुसरा. मग टॅब उलटा करून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "माझंही दुपारपासून जेवण झालेलं नाही."

सगळं दुकान एकदम बोलायला लागलं. त्यानं आधी किचन तपासलं, अगदी फ्रिजच्या रबरापर्यंत, आणि अहवालात एक चूक लिहिली: आचाऱ्यानं टाय घालू नये, तो कढईत पडू शकतो. मग पाय खाल्ला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला तो वडलांना घेऊन. म्हातारबाबा कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्यांदा आले तेव्हा दाराकडे तोंड करून. तिसऱ्यांदा एकटे आले, काठी टेकत, आणि त्या इंग्रज इंजिनियरबरोबर एकमेकांना न कळणाऱ्या दोन भाषांत तासभर भांडले. कशावरून ते आम्हाला समजलं नाही. दोघंही फार खुशीत होते.

दिवस मात्र संपत होते. इकाम्याला दोन आठवडे उरले. चाचांनी ते कॅलेंडरकडे बघून कधी बोलून दाखवलं नाही, पण एका संध्याकाळी कफील स्वतः आला. पहिल्यांदाच. बरोबर एक पाहुणा, हातात मोजमापाची टेप. दुकान मोबाइलच्या शोरूमला द्यायचं होतं, पाहुणा ते बघायला आला होता.

गर्दी होती. काउंटरशी तेव्हा नंबर होता एका बांगलादेशी सफाई कामगाराचा. नारिंगी कपडे, पाठीवर दिवसभराची धूळ, वीस-बावीस वर्षं याच शहराचे रस्ते झाडणारा माणूस. तो पहिल्यांदाच आला होता आणि काय मागावं या विचारात होता. कफील त्याच्या खांद्यावरून हात पुढे करून म्हणाला, "दोन चहा. यल्ला, लवकर."

पबात रांग नसते. चाचांनी मला हे पहिल्या दिवशीच समजावलं होतं. माणसं काउंटरशी कशीही उभी असतात, पण आधी कोण आलं हे काउंटरमागच्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं, आणि ते चुकलं तर त्यानं पब बंद करून घरी जावं.

चाचा कफीलकडे बघून मान लववून म्हणाले, "हाजा अव्वल." हा पहिला.

कफीलला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. सफाई कामगाराला मात्र नीट ऐकू आलं. तो मागे सरकला. "नहीं नहीं, पहले साहब को दीजिए. मैं बाद में..."

"तू पहले आया ना?" चाचा म्हणाले.

"आया, लेकिन..."

"तो बोल, क्या दूँ?"

मी बुटक्या टोकाला बसले होते आणि मला चाचांना ओढून किचनमध्ये न्यावंसं वाटत होतं. दुकान या माणसाचं. इकामा या माणसाच्या सहीचा. पाहुण्यासमोर त्याला मान खाली घालायला लावताय, तीही दोन आठवडे उरलेले असताना! चाचांचा हात, तो मीच बरा केलेला उजवा हात, काउंटर पुसायचा थांबला होता. पण ते कफीलकडे बघत नव्हते. ते समोरच्या धुळकट माणसाकडे बघत होते, त्याच्या उत्तराची वाट पाहत.

कफीलचा चेहरा लाल झाला. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. इन्स्पेक्टरचे वडील. महिनोन्महिने घरात न बोललेला तो म्हातारा खणखणीत आवाजात म्हणाला, "इस्बिर!" जरा दम धर. आणि मग, "मी काल माझ्या ड्रायव्हरच्या मागे उभा होतो. मेलो नाही."

कुणीतरी हसलं. मग इंग्रज इंजिनियर हसला, अरबी कळत नसताना. कफीलनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, वयाकडे, पांढऱ्या दाढीकडे, आणि त्याचं उघडलेलं तोंड मिटलं. त्यानं हातातली गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली आणि तो नारिंगी कपड्यांच्या मागे उभा राहिला.

सफाई कामगाराला आता सुटका नव्हती. तो भिंतीवरच्या, पदार्थांची चित्रं काढलेल्या पाटीकडे बघत होता. काय हवं हे त्याला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नसावं. चाचांनी घाई केली नाही. मासा कसला, पाय कसला, वाटाण्यात काय घातलंय, एकेक सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "वो... मटनवाला. और वो काला पानी, झागवाला." चाचांनी पाय कापला नाही, अख्खा ताटलीत ठेवला, वर रस्सा ओतला, काळ्या पेयाचा मग भरला, फेस बसेपर्यंत थांबले, पुन्हा भरला. सगळं दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवलं. मग वर पाहिलं.

"जी, आप?" ते कफीलला म्हणाले. त्याच आवाजात.

कफील त्या ताटलीकडे बघत होता. वाफ येत होती.

"त्याला दिलं तेच," तो म्हणाला.

दोघं शेजारी शेजारी उभे राहून जेवले. कफीलनं पहिल्या घासाला डोळे किलकिले केले, दुसऱ्या घासाला पाहुण्याला कोपरानं ढोसलं, आणि तिसऱ्या घासानंतर बोलणं बंद केलं. सफाई कामगारानं कांद्याच्या लोणच्याची बरणी भीतभीत त्याच्याकडे सरकवली. कफीलनं दोन कांदे घेतले आणि बरणी परत सरकवली. जाताना त्यानं किल्ली उचलली. पाहुणा दारापाशी टेप उघडत होता, भिंतीला लावणार एवढ्यात कफीलनं त्याचा हात धरला.

"ठेव ती," तो म्हणाला. "हे दुकान रिकामं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चाचांचा पासपोर्ट आणि फोटो मागवून घेतले आणि इकाम्याचं काम सुरू केलं. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी हे वाक्य मी ऐकलं, मराठीत केलं आणि चाचांना सांगितलं. त्यांनी एकदा डोळे मिटले, दाढीवरून हात फिरवला, छाती भरून श्वास घेतला. मला वाटलं आता ते काहीतरी मोठं बोलतील. सगळं दुकान त्यांच्याकडे बघत होतं. चाचांनी टाय सरळ केला, काउंटरच्या उंच टोकापासून बुटक्या टोकापर्यंत एक नजर टाकली आणि विचारलं, "हां, पुढे कोण?"

नंबर माझा होता.